दिवा थांबेपर्यंत

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. ऊन पांढरंफटक, आभाळात औषधाला ढग नाही, आणि रस्त्याची सगळी धूळ शटरच्या फटीपाशी येऊन बसलेली. असल्या हवेत लोकांचे ओठ फुटतात, भरतकामाच्या कारखान्यात धागे तुटतात. पंचिंगबाईने शटर वर ढकललं, केर काढला, मशीनच्या पायाशी पाण्याचं घमेलं ठेवलं आणि जुन्या चादरीचा तुकडा पिळून खिडकीच्या गजांवर पसरला. हवेला जराशी ओल मिळाली की धागा नरमतो, आडमुठेपणा करत नाही.

मग ती सुया बदलायला बसली. बोथट सुई काढायची, नवी खोबणीत वर सरकवायची, स्क्रू आवळायचा. हे काम तिचे हात तिला न विचारताच करायचे. एका सुईचं टोक बोटात गेलं. तिने बोट बाजूला घेतलं, सुई बसवली, स्क्रू आवळला आणि पुढच्या सुईकडे वळली.

"बाई, रक्त आलंय," कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? मला तरी नाही. कापडाला लागलंय बघा."

पांढऱ्या कापडावर मोहरीएवढा लाल ठिपका होता. आपलं रक्त आपल्याच थुंकीने निघतं, हे कापडाच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. तिने बोट ओलं करून ठिपका पुसला.

"दुखत नाही?"

"नाही."

"नवलच आहे. मला नुसता सुईचा डबा पाहिला तरी दुखतं," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा कात्री चालवायला लागल्या.

मावशी कुणाच्याच मावशी नव्हत्या. भरून झालेल्या कपड्यावर इकडून तिकडे गेलेले सुटे धागे कापायचं त्यांचं काम. हातात आखूड चोचीची कात्री, मांडीवर कपड्यांचा ढीग, आणि तोंड कात्रीच्या बरोबरीने चालू. पंचिंगबाईला हे नाव त्यांनीच दिलेलं. पंचिंग म्हणजे कागदावरचं चित्र मशीनला कळेल अशा टाक्यांत मांडणं. सुई कुठे बुडवायची, कुठे उचलायची, कुठला रंग आधी, कुठला नंतर, टाका आडवा की तिरपा. चित्र काढणारा चित्र काढून मोकळा होतो. त्यातला एकेक टाका आधी मनातल्या मनात कुणालातरी घालून बघावा लागतो, आणि ती कुणीतरी म्हणजे ही.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला धाग्याच्या रिळांची मांडणी, दुसऱ्या भिंतीला टेबल आणि त्यावर संगणक, मधोमध जुनं मशीन. त्याच्या शेजारची जागा आठवड्यापासून रिकामी होती. मोठं मशीन तिथे होतं. ते गेलं, पण त्याच्या पायांचे काळपट ठसे फरशीवर राहिले. मावशी तिथून जाताना अजूनही वळसा घालून जायच्या.

"सवय आहे ना," त्या म्हणायच्या. "डोक्याला कळलंय, पायांना सांगायचं राहिलंय."

मशीन तिच्या नवऱ्याने नेलं होतं. चोरून नाही, ठरवून.

ती लग्न होऊन आली तेव्हा एकच मशीन होतं आणि तेही झोपायच्या खोलीत. त्याच्या खडखडाटात ती दोघं बोलायला शिकली, म्हणजे ओरडायला. तो मशीन चालवायचा, ती पंचिंग शिकली. आधी बिल्ले केले, मग गणवेशाचे खिसे, मग टोप्या. मुलगी मशीनखालच्या चिंध्यांत रांगली, मोठी झाली, शिकून दूरच्या गावी नोकरीला गेली. जागा वाढली, मशीन वाढलं, घर आणि कारखाना वेगळे झाले. आणि एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "मी वेगळं राहावं म्हणतो." ती म्हणाली, "बरं." मग कप विसळले.

लोकांना कारण हवं होतं. मावशींनाही.

"दुसरी कोण आहे का?"

"नाही."

"हात उचलायचा?"

"छे."

"मग काय तुटलं म्हणायचं?"

"तुटलं नाही काही. खालची बॉबिन संपली."

हे मावशींना लगेच कळलं. वरचा धागा तुटला तर मशीन थांबतं, दिवा लावतं, बोंबलतं. खालच्या बॉबिनचा धागा संपला तर या जुन्या मशीनला पत्ताच लागत नाही. सुई आपली वरखाली होत राहते, आवाज तोच, वेग तोच. कापड उचलून पाहिलं तर नुसती भोकं.

मुलीने फोनवर विचारलं होतं, "आई, तू रडलीस का गं?"

"वेळ नाही मिळाला," ती म्हणाली होती. ते खरंच होतं. वेळ मिळाला असता तरी रडली असती असं नाही, पण ते मुलीला कशाला सांगायचं.

वाटणीला थोरले दीर बसले. त्यांना सगळे दादा म्हणत, तीही म्हणे. माणूस सरळ, थोडा अति सरळ. शाळा आणि दवाखान्यांची गिऱ्हाइकं तिला, टोप्या आणि कारखाने त्याला. जुनं मशीन तिला, मोठं त्याला. रिळं रंगागणिक अर्धी अर्धी. अडलं ते डिझाइनवर. डिझाइन तर सगळी तिनेच केलेली, पण टोप्यांची डिझाइन टोप्यांच्या मालकाकडे नकोत तर कुणाकडे?

"तिला एक प्रत राहू द्या, मला एक प्रत द्या," तो म्हणाला होता.

"अजिबात नाही," दादा म्हणाले. "एक चावी दोन खिशांत राहिली की उद्या भांडण होतं, आणि ते चावीवरून नाही होत, घरावरून होतं. ज्याचं त्याने न्यायचं. इथून कापायचं, तिथे चिकटवायचं. इथे काही राहायला नको."

घरात जास्तीची प्रत ठेवायला एक हातात मावणारी डिस्क होती. तीही त्याच्या वाट्याला गेली, म्हणून दादांच्या देखत तिने ती आधी रिकामी केली. म्हणजे जास्तीची प्रत जिच्यावर होती तीच डिस्क कोरी करून, एकुलती एक प्रत तिच्यावर हलवायची ठरली. यात काही चुकतंय हे तिघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. न्याय चोख झाला म्हणून दादांनी वर आणखी एक चहा मागवला.

आज तो उरलेलं सामान आणि डिस्क न्यायला येणार होता.

ऊन खिडकीच्या गजांवर आलं तेव्हा टेम्पो आला. आधी दादा आत आले, मागून तो. शर्ट नवा होता. कॉलर कडक असल्याने तो मान पुन्हा पुन्हा फिरवत होता.

"वारा फार आहे," तो म्हणाला.

"हो ना."

"धागा तुटत असेल."

"घमेलं ठेवलंय."

मावशींनी कात्रीतून मान वर केली नाही, पण कात्री थांबली. दादा आणि टेम्पोवाला फ्रेमी उचलायला लागले. फ्रेमी म्हणजे कापड ताणून बसवायच्या कड्या. लहान, मोठ्या, टोपीच्या वेगळ्या. तिने संगणकावर 'टोप्या' आणि 'कारखाने' हे दोन्ही गट निवडले, कापले आणि डिस्कवर चिकटवले. हिरवी पट्टी हळूहळू भरायला लागली. हजारो बारीक बारीक फायली. एकेक नाव झरझर जाताना दिसायचं: चाक, हातोडा, उडता घोडा, खेळाडूंच्या मंडळाचा वाघ. त्या वाघाच्या मिशा करताना ती तापाने फणफणली होती आणि तो शेजारी बसून म्हणत होता, मिशा उद्या कर, वाघ कुठे पळतोय.

तो मागे उभा राहिला. एरवी स्टुलावर बसायचा, पण स्टूल टेम्पोत गेलं होतं.

आता एक मागची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. फार पूर्वी एका शाळेचे घुबडाचे बिल्ले भरायचे होते. तिने डिझाइन पेनड्राइव्हवर टाकलं. पट्टी भरली, संगणक म्हणाला झालं, आणि नवऱ्याने पेनड्राइव्ह उपटून मशीनला लावला. मशीनने छान घुबड भरलं, फक्त दुसरा डोळा भरायच्या आधीच ते थांबलं. सगळीच्या सगळी घुबडं डोळा मारताहेत असे बिल्ले निघाले. तो कपाळाला हात लावून बसला आणि ती हसून हसून लोळली.

तेव्हा कॉम्प्युटरवाला येऊन सांगून गेला. म्हणाला, "ताई, संगणक खोटं नाही बोलत. पण तो जरा आपल्या शिंप्यासारखा आहे. कापड दिलंत की म्हणतो, झालंच समजा. म्हणजे त्याने ऐकून घेतलं, डोक्यात ठेवलं. डिस्कवर लिहायचं काम तो सवडीने करतो, म्हणजे तुम्हाला ताटकळावं लागत नाही. तुम्ही मध्येच उपटलं तर डोक्यातलं डोक्यातच राहतं. आधी त्याला सांगायचं, मी काढतोय. तो म्हणेल काढा. आणि डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच हात लावायचा."

पण नवऱ्याचा हात उतावळा. पट्टी भरली की हात पुढे जायचाच. म्हणून तिने सवय लावून घेतली: पट्टी भरायला आली की तिचा डावा हात त्याच्या मनगटावर. "थांबा." दिवा थांबला की हात निघायचा. भांडण असो, अबोला असो, घरी पाहुणे बसलेले असोत, हात जायचाच. अलीकडची दोन वर्षं त्या दोघांत कुठला स्पर्श उरला होता तर एवढाच.

हिरवी पट्टी भरली. चौकट आपोआप मिटली. तिच्या बाजूचे दोन्ही गट नाहीसे झाले, डिस्कच्या बाजूला उमटले. झालं. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"झालं का गं?" दादांनी दारातून विचारलं.

डिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता. भराभरा, दम लागल्यासारखा.

त्याचा हात पुढे आला. वायरीवर टेकला. आणि तिथे क्षणभर थांबला.

तिने तो हात पाहिला. मनगटावरचा घड्याळाचा पट्टा, पट्ट्याखालून डोकावणारी फिकट कातडी. तिचा स्वतःचा डावा हात मांडीवर होता. तिला तो दिसत होता, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. उचलावा असं वाटलं नाही. उचलू नये असंही वाटलं नाही. तोंडात 'थांबा' हा शब्द होता, पण पुढे कुणाला म्हणायचं तेच उरलं नव्हतं. इतकी वर्षं 'अहो' म्हणत आली. आता त्या जागी काय म्हणतात ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने वायर ओढली. दिवा गेला.

त्याने वायर डिस्कभोवती नीट गुंडाळली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. "येतो," म्हणाला. जाताना कुणी जातो म्हणत नाही, म्हणून.

"बरं," ती म्हणाली.

टेम्पो गेल्यावर मावशींनी कात्री पुन्हा चालवायला घेतली. शेवटी म्हणाल्या, "शर्ट चांगला होता."

"हो."

"इस्त्री कुणी केली असेल?"

"दुकानात मिळतात ना तशी आयती केलेली," ती म्हणाली आणि कामाला बसली.

काम नवीन होतं. वाटणीनंतरचं तिचं पहिलं स्वतःचं गिऱ्हाईक: एक बाळंतपणाचा दवाखाना. नर्सच्या अॅप्रनवर बिल्ला हवा होता, मोठ्या हाताच्या बोटाला धरलेला छोटा हात. उद्या सकाळी नमुना दाखवायचा. आवडला तर सगळ्या कर्मचाऱ्यांचे कपडे तिच्याकडे, नाहीतर जुन्या मशीनला शाळा उघडेपर्यंत झोपच. छोटी बोटं अवघड असतात. टाका जास्त दाट घातला तर सुजल्यासारखी दिसतात, विरळ घातला तर हाडकुळी. ती एकेक बोट करत गेली. मधे मावशींनी डबा उघडायला लावला, तिने चार घास खाल्ले. काय खाल्लं ते सांगता आलं नसतं. पुन्हा बसली. अंगठा झाला, नख झालं. उन्हाने खिडकी सोडली, चादरीचा तुकडा वाळून कडक झाला.

तेव्हा फोन वाजला.

"अगं," तो म्हणाला. मागे मोठ्या मशीनचा आवाज नव्हता, म्हणजे ते बंद होतं. "फायली उघडत नाहीत."

"कुठल्या?"

"सगळ्याच. नावं दिसतात, आत काही नाही. चाक उघडलं, रिकामं. वाघ उघडला, तेच. उद्यापासून त्या गिरणीच्या टोप्या चालू करायच्यात मला."

तिने हातातला माऊस सोडला.

"झालं होतं ना?" त्याने विचारलं.

"दिवा चालू होता."

मग तो म्हणाला, "तू थांबा म्हणाली नाहीस."

"नाही म्हणाले."

"मला वाटलं, तू थांबा म्हणाली नाहीस म्हणजे झालं असेल." तो रागावलेला नव्हता. खरं तेच सांगत होता. "दिव्याकडे मी कधी बघितलंच नाही गं. तुझा हात निघाला की काढायची, एवढंच मला माहीत."

ती खुर्चीत बसून राहिली. एवढी वर्षं तिला वाटायचं, हा ऐकत नाही म्हणून धरावं लागतं. तो तर धरण्याचीच वाट बघायचा. वायरीवर हात ठेवून थांबला होता तो क्षण तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि तसाच निघून गेला. हे कळून जे व्हायला हवं होतं ते आत कुठे झालं नाही.

"ठेवते," ती म्हणाली. "विचारते कुणालातरी."

कॉम्प्युटरवाला आता मोठा झाला होता, स्वतःचं दुकान, हाताखाली माणसं. पण तिला अजून ताईच म्हणायचा. तिने सगळं सांगितलं. तो मधे मधे "अरेरे" करत होता.

"कापून दिलंत? नक्कल नाही केलीत? कुणी सुचवलं हे?"

"दादांनी."

"दादांना माझा नमस्कार सांगा. बरं, नीट ऐका. डिस्कवर गेलं नाही ते नाही. पण तुमच्याकडून पुसलेलं लगेच जात नसतं. संगणक नुसतं वरचं नाव खोडतो, जागा मोकळी म्हणून सांगतो. खालचं तसंच असतं, त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत. सकाळपासून काय काय सेव्ह केलंत?"

तिने पडद्याकडे पाहिलं. तिची सवय अशी की दर दोन घोटांनी पाणी प्यावं तसं सेव्ह करायचं. आज एकदाही केलं नव्हतं. छोटा हात, मोठा हात, पाच बोटं, सगळं नुसतं पडद्यावर.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"तुम्ही? आणि काहीच नाही? देव पावला म्हणा. मग आता आणखी काही करू नका. बंद करून टाका."

"समोर एक काम आहे. अर्ध्या दिवसाचं. ते पेनड्राइव्हवर टाकू?"

"टाकता येईल. पण चालू आहे तोवर तो आपला आपण काहीबाही लिहीत असतो, ताई. त्यात नेमकं कुठल्या टोपीवर लिहील ते सांगता येत नाही. कदाचित काही होणार नाही. कदाचित होईल. मी पैज नाही लावणार. तुमचं तुम्ही ठरवा."

"आणि बंद करायचा तर नेहमीसारखाच?"

"नाही नाही. नेहमीसारखा बंद केलात तर बंद होताहोताही चार गोष्टी लिहून ठेवतो. मागची वायर ओढा."

"दिवा चालू असताना?"

"दिवा चालू असताना."

तिने फोन टेबलावर ठेवला. पेनड्राइव्ह मशीनच्या कप्प्यात होता, चार पावलांवर. पडद्यावर छोटा हात मोठ्या बोटाला धरून होता. बरा जमला होता. करंगळी तर इतकी नेमकी आली होती की पुन्हा तशी येईल याची खात्री नाही. हे आपलं काम. ते पलीकडचं, पडद्यावर कुठेच न दिसणारं, पुसलं गेलेलं आणि तरी खाली तसंच असलेलं, तेही आपलंच काम, पण दिलेलं. तिने तराजू लावून पाहायचा प्रयत्न केला. कुठलंच पारडं हललं नाही. राग आला असता तर एक बाजू जड झाली असती, माया आली असती तर दुसरी.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. वाघ गेला."

"कुठला वाघ?"

ती वाकून टेबलाखाली गेली. तिथे धूळ होती, तुटलेल्या सुया होत्या, एक लाल रीळ होतं जे वाटणीत कुणालाच मिळालं नव्हतं. संगणकाचा छोटा हिरवा दिवा डोक्यावर लुकलुकत होता. तिचा डावा हात वर गेला आणि वायरीवर टेकला. हात थांबला. थांबवणारं कुणी नव्हतं.

तिने वायर ओढली. संगणकाच्या पंख्याची घरघर उतरत उतरत बंद झाली.

"अगंबाई," मावशी म्हणाल्या. काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचंच तोंड दिसत होतं. "आणि ते हात?"

"गेले."

"सबंध दिवस बसला होतात की!"

"परत करीन."

"कशावर? कपाळावर?"

पंचिंगबाई हसली, म्हणजे तिच्या नाकातून तसा आवाज आला. मग तिने दवाखान्यात फोन लावला. कपड्यांचं बघणाऱ्या बाईला सांगितलं की उद्या नमुना होणार नाही. ती बाई म्हणाली, आम्हाला दुसऱ्याही एकाने विचारलंय. ही म्हणाली, बरोबर आहे. ती बाई जरा गोंधळली. एवढं सरळ उत्तर तिला अपेक्षित नसावं. म्हणाली, विचारून कळवते.

कॉम्प्युटरवाला स्वतःच आला, वाऱ्याने केस विस्कटलेले. बसला फरशीवरच, मोठ्या मशीनच्या ठशांच्या मधोमध. संगणकाचा खोका उघडून आतली डिस्क काढली, स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. म्हणाला, "नुसतं वाचायचं, लिहायचं नाही, अशी लावलीय." मग सगळे तिकडे बघत बसले. मावशीही. बऱ्याच वेळाने पडद्यावर नावं यायला लागली, एकाखाली एक, काही तुटकी, काही नुसतीच शेपटं.

"टोप्या आहेत," तो म्हणाला. "हे बघा. कारखान्यांचं बरंचसं आहे. काही गेलं. ही खोक्यासकट घरी नेतो आणि नव्या डिस्कवर उतरवतो. तुमचंही सगळं एकदा उतरवून ठेवू, दोन ठिकाणी. दादांना काय सांगायचं ते मी सांगतो."

"माझा संगणक कधी?"

"परवा." जाताना दारात वळून म्हणाला, "ताई, तुम्ही पेनड्राइव्हवर टाकलं असतंत तरी कदाचित सगळं आलंच असतं."

"असेल," ती म्हणाली.

टेबलावर खोक्याच्या जागी धूळ नसलेला चौकोन राहिला. मावशींनी तिथे आपला पाण्याचा तांब्या ठेवून बघितला आणि परत उचलला.

वारा पडला. समोरच्या दुकानाने पाट्या आत घेतल्या. पुन्हा त्याचा फोन आला. कॉम्प्युटरवाल्याने त्याला कळवलं होतं.

"बरंचसं आलं म्हणतो."

"हो."

"चाक गेलंय म्हणे. गिरणीचं. उद्याच्या टोप्यांचं तेच आहे."

"जुनी टोपी असेल ना एखादी? नमुन्याला पाठवा. परवा बसवून देते परत."

"मी घेऊन येऊ?"

ती रिळांच्या मांडणीकडे बघत होती. अर्धे रंग नसल्याने मांडणी दात पडल्यासारखी दिसत होती.

"दादांकडे द्या," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. फोन ठेवायच्या आधी क्षणभर थांबला. ती काही म्हणते का ते बघत असावा. मग ठेवला.

जुन्या मशीनच्या पोटात काल टाकलेलं एक डिझाइन शिल्लक होतं, शाळेच्या खिशाचं. त्याला संगणक लागत नव्हता. तिने मशीन चालू केलं, थोडं भरू दिलं, थांबवलं, कापड उचलून खालून पाहिलं. खाली धागा नव्हता. नुसती भोकं.

"संपली का?" मावशींनी न बघताच विचारलं.

"संपली."

ती बॉबिन भरायला बसली. पांढरं रीळ खुंटीवर लावलं, धागा दोन कड्यांतून ओवून बॉबिनवर चार वेढे हाताने दिले, आणि चाक फिरायला लागलं. भरलेली बॉबिन तिने केसमध्ये, म्हणजे तिच्या लोखंडी डबीत बसवली, धागा फटीतून ओढून घेतला आणि ताण बघायला केस धाग्याने हवेत लोंबती धरली. मनगटाला किंचित झटका दिला की केस थोडी खाली सरकली पाहिजे आणि थांबली पाहिजे. नाही सरकली तर घट्ट, धडाधडा उतरली तर सैल.

केस थोडी सरकली, थांबली. धागा बोटावर टेकला होता तिथे आता दुखायला लागलं. तिने बोट उलटं करून पाहिलं. सकाळचा बारीक ठिपका, भोवती लाल. चांगलंच ठणकत होतं.

तिने धागा दुसऱ्या बोटावर घेतला आणि केस पुन्हा लोंबती धरली.